पहाटेचं पान बघून जमिनीचा ताण कसा ओळखावा

डाळिंबाला ताण दिला, ज्वारी ताणावर आली, कांद्याचं पाणी तोडलं आणि ताण बसला. हे आपले रोजचे बोल. यात ताण पिकाला बसतो असं आपण धरून चालतो. मृदाशास्त्रात मात्र हाच शब्द मातीसाठी वापरतात. मातीच्या कणांनी पाणी किती जोरानं धरून ठेवलंय, म्हणजे मुळाला ते सोडवून घ्यायला किती ओढ लावावी लागेल, तो जमिनीतला ताण. दोन्ही ताण म्हणजे एकाच दोरीची दोन टोकं. पिकाकडचं टोक डोळ्याला दिसतं, जमिनीकडचं मातीत गाडलेलं असतं. दिसणाऱ्या टोकावरून न दिसणाऱ्याचा अंदाज कसा घ्यायचा आणि त्या अंदाजाला आकडा कसा लावायचा, हे मी करतो त्या क्रमानं इथं लिहितोय.

माझे दोन तुकडे आहेत, सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात. एक माळावरचा मुरमाड, त्यात डाळिंब. दुसरा ओढ्याकाठचा भारी काळा, त्यात मका आणि भाजीपाला. एकाच विहिरीचं पाणी, एकच ऊन, पण दोन्ही तुकड्यांचं वागणं सावत्र भावांसारखं. म्हणून पुढचे जे आकडे 'माझ्याकडे' म्हणून येतील ते माझ्याच मातीचे समजावेत, तुमचे तुम्हाला काढावे लागतील. कसे काढायचे तेही खाली आहे.

आधी मोजपट्टी

ताण मोजतात बारमध्ये किंवा सेंटीबारमध्ये. १०० सेंटीबार म्हणजे १ बार, आणि १ बार म्हणजे साधारण १० मीटर पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ. रान पाण्यानं तुडुंब असतं तेव्हा ताण शून्य. पाणी निचरून वाफसा येतो तेव्हा हलक्या जमिनीत १० सेंटीबारच्या आसपास, भारी जमिनीत ३० ते ३३. पीक मान टाकतं आणि रात्रभर सावली-गारवा देऊनही ती परत उचलत नाही, तिथं १५ बार धरतात. म्हणजे भारी जमिनीत वाफसा ते मरण हे अंतर एक तृतीयांश बारपासून १५ बारपर्यंत, जवळजवळ ४५ पट.

टेन्शिओमीटर, म्हणजे मातीत रोवून ताण मोजायचं यंत्र, ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीत असेल, तो ८०-८५ सेंटीबारच्या पुढं हवा ओढतो आणि काटा खाली पडतो. मुरमाड किंवा वाळूसर रानात यानं फारसं अडत नाही, कारण तिथलं बरंचसं पाणी तोवर संपलेलंच असतं. काळ्या रानात तसं नाही. तिथं पिकाला मिळू शकणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा १ बारच्या पलीकडे अडकलेला असतो. यंत्र गप्प झाल्यावरच्या त्या सगळ्या पट्ट्यात बोलणारं रानात एकच उरतं, उभं पीक.

पीक यंत्रासारखं वापरता येतं याला जुना आधार आहे. १९१२ साली ब्रिग्ज आणि शँट्झ या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं की एकाच मातीत वेगवेगळी पिकं लावली तरी ती जवळपास सारख्याच ओलाव्याला कायमची मान टाकतात. मरणाची रेघ पिकापेक्षा मातीवर जास्त ठरते. या कामासाठी पुढं सूर्यफुलाचं रोप प्रमाण म्हणून रूढ झालं. त्याची घरगुती आवृत्ती पुढं येईलच.

पायरी १: वाचायची वेळ पक्की करा

बहुतेकांची चूक इथंच होते, माझीही बरीच वर्षं झाली. दुपारी दोन वाजता भोपळ्याची पानं लोंबलेली बघायची आणि मोटार चालू करायला धावायचं.

ठिबकवाल्यांना एका उदाहरणात समजेल. लाइनवर प्रेशर गेज आहे. व्हॉल्व्ह बंद असताना तो जे दाखवतो तो खरा दाब. व्हॉल्व्ह उघडून पाणी धावायला लागलं की तोच गेज खाली येतो, कारण मध्ये पाइपाचं घर्षण, फिल्टर, चढ सगळं आलं. टाकीत पाणी तेवढंच असतं. पानाचं असंच आहे. दुपारी पर्णरंध्रं उघडी, पाणी मुळातून पानाकडं धावतंय, हवा कोरडी आणि वारा ओढतोय. अशा वेळी पानाचा ताण म्हणजे जमिनीचा ताण अधिक वाटेतली सगळी ओढाताण. भोपळा, काकडी, सूर्यफूल ही रुंद पानांची मंडळी ओल्या रानातही दुपारी मान टाकतात. तो ताण उन्हाचा.

रात्री रंध्रं मिटतात, धाव थांबते, आणि पहाटेपर्यंत पान आणि मुळाजवळची माती यांचा ताण जवळपास सारखा होतो. व्हॉल्व्ह बंद. म्हणून जमिनीचा ताण वाचायचा तो उजाडण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात. बागायती संशोधनात दाबकुंडीनं पानाचा ताण मोजतात, त्यातही 'पहाटेचं माप' वेगळं धरतात ते याचसाठी. ही दाबकुंडी १९६५ मध्ये शोलँडर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्धीला आणली. पान कापून बंद कुंडीत ठेवायचं, देठ बाहेर, आणि देठाच्या तोंडाशी पाणी परत येईपर्यंत आत हवेचा दाब वाढवायचा. जेवढा दाब लागला तेवढा पानाचा ताण. आपल्याकडे ती नसते, डोळे असतात.

दोन पथ्यं. रात्रीची लाईट असेल आणि रात्रभर पाणी चालू असेल, तर त्या पहाटेचं वाचन सोडून द्या. आणि रात्रभर गरम वारा सुटला असेल तर पान पुरतं सावरलेलं नसतं, एक दिवस थांबा.

पायरी २: मुळं कुठं आहेत ते उकरून बघा

पीक सगळ्या जमिनीचा ताण सांगत नाही. जिथं त्याची जिवंत मुळं आहेत तिथला सांगतं, आणि त्यातही सगळ्यात ओल्या थराकडं त्याचं माप झुकतं. एक मूळ ओल्यात असलं तरी रात्रीत झाड बऱ्यापैकी सावरतं. ठिबकवर हे फार फसवं आहे. ड्रीपरखालचा कांद्याच्या आकाराचा मातीचा गोळा ओला, बाकी रान कोरडं ठाक, आणि पहाटे पान टवटवीत.

म्हणून हंगामात एकदा तरी झाडाच्या बाजूला टिकावानं खड्डा घ्या आणि पांढरी, तुटताना कडकन मोडणारी मुळं कुठवर गेलीत ते बघा. तपकिरी, दोरीसारख्या मुळांना जमेत धरू नका, पाणी ओढायचं मुख्य काम पांढऱ्या टोकांचं. भाजीपाल्याची बरीचशी फूटभरात सापडतात, मक्याची दोन-तीन फुटांत, ठिबकवरच्या डाळिंबाची बहुतांश दीड-दोन फुटांत. पुढं मातीचा नमुना घ्याल तो याच खोलीतून.

पायरी ३: रानात साक्षीदार पेरा

ही पायरी पेरणीच्या वेळीच करावी लागते, नंतर उपयोग नाही. अडचण अशी की पीक बोलतं तेव्हा थोडा उशीर झालेला असतो. पान वळलं म्हणजे वाढ त्याआधीच मंदावलेली. उपाय म्हणजे रानात एक-दोन जागा अशा करायच्या की तिथलं पीक बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी बोलेल.

पहिला साक्षीदार वाळूचा खड्डा. सपाट, रानाचं खरं रूप दाखवणारी जागा निवडा. बांधाकडेची नको, पाटाजवळची तर मुळीच नको. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. माती काढताना थर वेगळे ठेवा. एकूण मातीच्या ५ टक्के, म्हणजे ५० लिटर, साधारण चार घमेली वाळू सगळ्या थरांत वाटून नीट मिसळा. मग ज्या क्रमानं माती निघाली त्याच क्रमानं भरा, खालची खाली, वरची वर. पायानं हलकी दाबत, पाणी देऊन बसवा. त्यावर बाकी रानासारखीच पेरणी, तेच खत, तेच पाणी. वाळूनं त्या घनमीटरची पाणी धरायची ताकद थोडी घटते, त्यामुळं तिथला ताण आधी चढतो आणि तिथलं पीक आधी मान टाकतं. भारतीय कृषिविद्येच्या पुस्तकांत ही पद्धत आहे, पण शेतात केलेली फार थोड्यांनी बघितली असेल. कारण उघड आहे, मीटरभर खोल खड्डा खणायला कोणालाच आवडत नाही.

ज्यांना नाही आवडत त्यांच्यासाठी दुसरा साक्षीदार: एक मीटर चौरसात बियाणं दीडपट ते दुप्पट टाका. तेवढ्याच पाण्यावर जास्त तोंडं, म्हणून ते लवकर संपतं. भारी रानात मला वाळूचा खड्डा खात्रीचा वाटतो, हलक्या रानात दाट पेरणी पुरते. मुरमाडात वाळू घालून काय साधणार?

तिसरा साक्षीदार उलटा: चार-पाच झाडांना कधीच ताण बसू द्यायचा नाही, दोन दिवसाआड बादलीनं पाणी. हा तुलनेसाठी. बाकी रान कसं 'दिसायला हवं होतं' ते हा वाफा दाखवतो. याच्याशिवाय दुपारच्या कुठल्याच खुणेला अर्थ नाही. मी याला ओला वाफा म्हणतो.

पायरी ४: पहाटेची फेरी

बॅटरी घ्या आणि आधी थेंब शोधा. रान ओलं आणि हवा दमट असली की मुळं रात्री आत पाणी ढकलत राहतात, आणि ते मका, ज्वारी, गहू यांच्या पानाच्या टोकाशी आणि टोमॅटो-द्राक्षाच्या पानाच्या दातेरी कडांवर थेंब होऊन बसतं. हे दव नव्हे. दव पानभर बारीक पसरतं, गवतावर, ठिबकच्या नळीवर, खांबावरही असतं. हे थेंब ठरावीक जागी, टपोरे, एकेक करून ओळीनं बसलेले. बॅटरीच्या उजेडात मक्याच्या कोवळ्या पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब काचेच्या मण्यासारखा चमकतो, बोट लावलं की ओघळतो आणि मागं पानाचं टोक किंचित वर उडतं. असे थेंब दिसले तर जमिनीचा ताण वाफशाच्या आसपास आहे, पाणी देण्याचा प्रश्नच नाही. माझ्याकडे काळ्या रानात ३०-४० सेंटीबारच्या पुढं ते बंद होतात. पण कोरड्या हवेच्या रात्री ओल्या रानातही थेंब येत नाहीत. म्हणजे थेंब दिसला तर पुरावा, नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही.

मग पानाला हात लावा. पहाटे पान गार, ताठ आणि दोन बोटांत दुमडलं तर झटकन सरळ होणारं हवं. खालची जुनी पानं आधी बघा, शेंड्याकडं नंतर. पहाटेही खालची पानं मऊ, कापडासारखी लागत असतील, तर मुळाजवळचा ताण अनेक बारांवर गेलाय. मक्याची सुरळी पहाटे पूर्ण उलगडलेली नसेल तर तुम्ही १५ बारच्या रेघेकडे निघालात.

हिरवळ असेल, अंगणात किंवा मैदानात हरळी, तर पहाटे त्यावरून चाला आणि मागं बघा. पाऊल उचलल्यावर पाती लगेच उठली तर ठीक. पाच-दहा मिनिटांनीही पावलाचा ठसा तसाच असेल तर पाणी हवं.

पायरी ५: दिवसाचं घड्याळ

दुपारच्या खुणा एकट्या निरुपयोगी, पण त्या किती वाजता आल्या आणि किती वाजता गेल्या ही माहिती मोलाची आहे. माझ्या काळ्या रानातल्या मक्याचा हिशेब, एप्रिलच्या निरभ्र दिवसांचा, हा असा. दुपारी एकनंतर पान थोडं वळतं आणि पाचपर्यंत उलगडतं: ताण १ बारच्या अलीकडे-पलीकडे. सकाळी दहा-अकरालाच सुरळी होते आणि अंधार पडल्यावरच सुटते: २ ते ४ बार. आठ वाजताच वळायला लागलं: त्याच्याही पुढं, उशीर झालेला. वळणं जसजसं सकाळकडे सरकतं तसतसा जमिनीतला ताण चढतो. ओल्या वाफ्यातलं पान त्या वेळी सरळ असलं तरच ही गणती लागू. तेही वळलं असेल तर तो दिवसच तसा होता.

बाकी पिकं प्रत्येक आपल्या भाषेत बोलतात. सोयाबीन, चवळी, घेवडा पानं उलथी करून मागची पांढरट बाजू दाखवतात किंवा पत्त्याच्या कडेसारखी उन्हाला तिरपी धरतात, लांबून रान रुपेरी दिसायला लागतं. केळीच्या पानाचे दोन्ही पंख मधल्या शिरेवरून खाली मिटतात. केळीची मुळं उथळ, ती फार लवकर बोलते, तिचं ऐकून शेजारच्या पिकाला पाणी देऊ नका. कपाशीचा हिरवा रंग निळसर-मळकट होतो, खोडाची लाली शेंड्याकडे चढते आणि पांढरं फूल शेंड्याच्या जवळ जवळ यायला लागतं. द्राक्षाचा शेंडा बघावा: जोमात असताना ताणे (वेल ज्यांनी आधार पकडते ते तंतू) शेंड्याच्या पुढं हात पसरून असतात. पाणी कमी पडलं की आधी ताणे मलूल होतात, मग शेंडा थांबतो आणि वरची कोवळी पानं त्याला झाकून टाकतात.

तणांमध्ये घोळ नावाची रानभाजी बघून काही ठरवू नका. तिचं पान-खोड म्हणजे पाण्याची पखाल. शेजारी टोमॅटो मरत असतानाही घोळ हसत असते.

पायरी ६: डोळ्याला दिसण्याआधीची खूण

ताण चढू लागला की आधी मंदावते ती वाढ, मग रंध्रं मिटू लागतात, आणि मान पडणं हे सगळ्यात शेवटी. म्हणून वाढ मोजा. मक्याच्या पोंग्यातून वर येणारं पान निवडा, शेजारी काठी रोवा, पानाचं टोक जिथं आहे तिथं काठीवर मार्करनं रेघ, रोज त्याच वेळी. गरम दिवसांत ओल्या वाफ्यातलं पान दिवसाला चार-पाच सेंटीमीटर सहज सरकतं. रानातलं पान त्याच्या निम्म्यावर आलं की मी पाळी ठरवतो, सुरळीची वाट बघत नाही. दहा झाडं धरा, एका झाडावर विसंबू नका.

दुसरी खूण पानाचं तापमान. पान पाणी उडवतं तोवर ते स्वतःला गार ठेवतं, कोरड्या हवेत भोवतीच्या हवेपेक्षाही गार. रंध्रं मिटली की तापतं. कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळाचा ताप मोजायची बंदूक घरात पडून असेल, पण ती अंगाच्या मोडमध्ये ३२ ते ४३ अंशांपलीकडे वाचत नाही, 'सरफेस' मोड असेल तर तो लावा, नाहीतर औद्योगिक बंदूक घ्या. ढग नसताना दुपारी एक ते अडीच, उन्हातल्या पानावर, अंतर वीतभर. मधून माती दिसली तर सगळं बिघडलं, दुपारची उघडी माती ५० अंशांवर असते. ओल्या वाफ्यातली दहा पानं, रानातली दहा पानं, दोन्हींच्या सरासरीतला फरक लिहा. एक अंशाच्या आतल्या फरकाकडे मी बघत नाही. तीनच्या पुढं गेला की शेंडा बघायला जातो.

पायरी ७: खुणेला आकडा लावा

ही पायरी केली नाही तर वरचं सगळं अनुभवाचं शहाणपण राहतं, माप होत नाही. दोन कामं.

एक, आपल्या मातीची मरणरेघ. पत्र्याच्या डब्यात आपल्या रानातली माती भरा, सूर्यफुलाचं एक रोप वाढवा. पानांच्या तीन जोड्या झाल्या की भरपूर पाणी देऊन मातीचं तोंड प्लॅस्टिकनं खोडाभोवती बंद करा आणि पाणी तोडा. पानं लोंबली की संध्याकाळी डबा एका ओल्या गोणपाटानं झाकलेल्या बादलीखाली रात्रभर ठेवा. सकाळी पानं उठली तर परत उन्हात. ज्या सकाळी खालची जोडी उठणार नाही, त्या सकाळी डब्यातली माती वजन करा, १०५ अंशांवर चोवीस तास वाळवा, परत वजन करा. गेलेलं पाणी भागिले सुकी माती, गुणिले शंभर: हा तुमच्या मातीचा १५ बारचा ओलावा.

दोन, मधले बार. याला गाळणकागद. व्हॉटमन ४२ क्रमांकाचा कागद, ५५ मिलिमीटरचा, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतो, आणि मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. पहाटेच्या फेरीत एखादी खूण दिसली की त्याच झाडाच्या मुळांच्या खोलीतून माती काढा. बरणीत अर्धी माती दाबून भरा, त्यावर तीन कागद एकावर एक, त्यावर उरलेली माती घट्ट. झाकण बंद करून वर चिकटपट्टी. सात ते दहा दिवस घरात गार, एकसारख्या तापमानाच्या जागी, धान्याच्या कोठीमागं वगैरे. मग उघडा, मातीनं माखलेले बाहेरचे दोन कागद फेकून मधला चिमट्यानं उचला आणि काही सेकंदांत वजन करा. हवा लागली की तो सुकायला लागतो, उन्हाळ्यात फारच भराभर. मग १०५ अंशांवर वाळवून सुकं वजन.

माझं एक वाचन: ओला कागद ०.३१३ ग्रॅम, सुका ०.२३०. पाणी ०.०८३, म्हणजे ३६ टक्के. सूत्र असं: ५.३२७ मधून कागदाच्या ओलाव्याच्या टक्क्यांची ०.०७७९ पट वजा करा, जे उरेल तो दहाचा घातांक, उत्तर किलोपास्कलमध्ये, म्हणजेच सेंटीबारमध्ये. ३६ टक्क्यांना २.५२ येतं, म्हणजे सुमारे ३३० सेंटीबार, ३.३ बार. त्या दिवशी मका साडेदहाला वळत होता.

गणित नको असेल तर भिंतीवर एवढंच लिहून ठेवा. कागदात ४५ टक्के पाणी म्हणजे ०.६५ बार, ४० म्हणजे १.६, ३५ म्हणजे ४, ३० म्हणजे १०, २८ म्हणजे १४. हे सूत्र ४५ टक्क्यांच्या खालीच चालतं. त्याहून ओल्या मातीला टेन्शिओमीटर आहेच. जिथं तो हात टेकतो तिथून कागद पुढं नेतो.

एका हंगामात अशा आठ-दहा बरण्या भरा. वहीत डाव्या बाजूला खूण आणि वेळ, उजव्या बाजूला बार. पुढच्या हंगामापासून बरणी लागत नाही.

पीक आणि कागद यांचं पटत नाही तेव्हा

मला वाटतं सगळ्या खटाटोपाचं खरं फळ इथं आहे. पीक ४ बारसारखं वागतंय आणि कागद १ बार म्हणतोय, तर कागद चुकला असं समजू नका. पीक पाण्याखेरीज दुसऱ्या कशानं तरी त्रासलंय.

पहिला संशय खारावर. क्षारपड रानात मुळाला मातीच्या पकडीशी झगडावं लागतं आणि विरघळलेल्या मिठाशीही. मातीला चिकटलेला कागद पहिली ओढ मोजतो, दुसरी त्याला कळत नाही. पिकाला दोन्ही एकत्रच भोगाव्या लागतात. अंदाज घ्यायला संपृक्त लगद्याच्या (माती पुरती भिजेल एवढंच पाणी घालून केलेल्या चिखलाच्या) अर्काचा ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये घ्या आणि त्याला ०.३६ नं गुणा, उत्तर बारमध्ये. ईसी ४ असेल तर जवळपास दीड बार नुसता मिठाचा. रान सुकून त्या लगद्याच्या निम्म्या पाण्यावर आलं की तो दुप्पट होतो. माती परीक्षणाच्या अहवालात बऱ्याचदा जास्त पाणी घालून केलेल्या द्रावणाचा ईसी असतो, तो आकडा लहान दिसतो, सरळ गुणू नका, आधी विचारून घ्या.

दुसरा संशय मुळांवर. एका फेब्रुवारीत माळावरच्या डाळिंबाच्या एका ओळीतली पाच-सहा झाडं दुपारी मलूल दिसायला लागली. मी त्या ओळीचं पाणी वाढवलं. आठवड्यानं आणखी वाढवलं. पहाटे जाऊन बघायचं सुचलंच नाही. गेलो तेव्हा झाडं पहाटेही तशीच मलूल, आणि बुडाशी माती मुठीत दाबली तर बोटांतून पाणी येईल इतकी ओली. मर रोग होता. खोड चिरलं तर आत तपकिरी-करडे पट्टे. मी त्याला पाणी पाजत होतो, आणि ओळीनं वाहणाऱ्या पाण्याबरोबर रोग पुढच्या झाडांकडं सरकायला मदतच करत होतो. नऊ झाडं गेली.

सूत्रकृमींच्या गाठी, पाणी साचून गुदमरलेली मुळं, हुमणीनं कुरतडलेली मुळं, सगळ्यांची दुपारची खूण तहानेसारखीच. फरक असा की तहान एकसारखी येते, पट्ट्यानं किंवा उंचवट्याप्रमाणं, आणि मुठीतली माती तिला दुजोरा देते. रोग ठिपक्याठिपक्यांनी येतो.

ताण मुद्दाम द्यायचा तेव्हा

डाळिंबाच्या बहारात, म्हणजे झाड एकदम फुलावं म्हणून मुद्दाम पाणी तोडतो तेव्हा, आपण हेच वाचन उलट वापरतो. आंबे बहारासाठी पाणी तोडलं की हलक्या रानात महिना-सव्वा महिन्यात ताण बसतो, भारी रानात दीड-दोन महिने लागतात. दिवस मोजण्यापेक्षा झाड बघा: पानं पिवळसर होऊन निम्म्याच्या आसपास गळायला हवीत, पण पहाटे कोवळ्या काडीचं टोक लवचिक आणि साल नखानं खरवडली तर आत हिरवी हवी. पहाटेही टोक सुरकुतलेलं दिसलं तर ताण जास्त झाला, पानगळीची फवारणी करण्याआधी हलकं पाणी द्या. काळ्या रानात पानं गळत नाहीत म्हणून लोक वैतागतात, पण खाली दोन फुटांवर ओल शिल्लक असते आणि झाड तिथलं बोलत असतं. पायरी २ चा खड्डा इथं उपयोगी पडतो.

आणि पाणी दिल्यावर, कुठल्याही पिकाला, दुसऱ्या दिवशी पहाटे एकदा जाऊन याच. रात्रीत पान ताठ झालं, मक्याच्या टोकाला थेंब परत आला, तर वहीतल्या खुणेसमोर बरोबरची खूण करा. पान तसंच असेल तर दुसरी पाळी देऊ नका, कुदळ घ्या आणि मुळं उकरा.